संडासाचं कुलूप आणि चार तासांचं काम

पत्र: चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते सातवी. पट १५८, त्यात मुली ७७ आणि मुलगे ८१. सात वर्गखोल्या, एक कार्यालय. मुलींना दोन संडास व तीन मुताऱ्या, मुलांनाही तेवढंच. गावातली एक बाई चार वर्षं सफाई करत होती. महिना पंधराशे ठरले होते, पण ते चार-पाच महिन्यांनी एकदम मिळायचे. दिवाळीनंतर ती कापूस वेचायला जाऊ लागली आणि परत आलीच नाही. फिनेल ओतूनही वास जात नाही म्हणून मुलींच्या एका संडासाला आम्ही कुलूप लावलं आहे. झाडलोट पोरांकडून करून घेता, अशी पालकांची तक्रार आहे. ग्रामपंचायत म्हणते, तुम्हाला अनुदान येतं, त्यात भागवा. नेमकी किती माणसं लागतात, पैसा कुठून आणायचा, सफाई कशी करायची आणि वास का जात नाही, हे सविस्तर सांगाल का? – एक मुख्याध्यापिका

ताई, आधी ते कुलूप काढा. बाकी सगळं ठरायला महिना लागेल, पण कुलूप उद्याच निघायला हवं. केंद्र सरकारच्या ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेच्या निकषात ४० मुलांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या धरल्या आहेत. तुमच्या ७७ मुलींना दोन संडास म्हणजे हिशेब जेमतेम बसतो, मुताऱ्या तर मुळातच निम्म्या आहेत. त्यात एकाला कुलूप लागलं की मधल्या सुट्टीत एकाच दारापुढे रांग लागते. मग पोरी सकाळपासून पाणी पिणं टाळतात, आणि सहावी-सातवीच्या मुली महिन्यातले चार दिवस घरीच राहतात. हजेरीपटावर त्याचं कारण ‘आजारी’ असं पडतं. तेव्हा दोन माणसं रोजंदारीवर लावून शनिवार दुपार आणि रविवार असा दीड दिवस चारही संडास मुळापासून घासून घ्या आणि सोमवारी दोन्ही दारं उघडी ठेवा. कसं घासायचं ते पुढे लिहिलं आहे.

आता माणसांचं. हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उलटा सोडवला जातो. हातात किती पैसे आहेत ते आधी बघतात आणि त्यात येईल तेवढं माणूस शोधतात. तुम्ही आधी काम मिनिटांत मोजा. तुम्ही दिलेल्या माहितीवरून आम्ही मोजलं ते असं: आठ खोल्या बाक हलवून झाडायच्या तर खोलीमागे आठ मिनिटं, म्हणजे ६४. रोज दोन खोल्यांची फरशी पुसायची, २० मिनिटं. अशाने चार दिवसांत सगळ्या खोल्या एकदा पुसून होतात. व्हरांडा १५. चार संडास प्रत्येकी १०, म्हणजे ४०. सहा मुताऱ्या प्रत्येकी तीन, म्हणजे १८. जेवणाच्या सुट्टीनंतर संडास-मुताऱ्यांवर दुसरा हात, २०. हात धुण्याच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या तोट्या १५. मैदानाचा पुढचा भाग २०. बादल्या भरणं, द्रावण करणं, कचरा टाकणं आणि शेवटी स्वतःची साधनं धुणं, आणखी २०. बेरीज २३२ मिनिटं, म्हणजे चार तासांना थोडी कमी. तुमच्या शाळेत घड्याळ लावून एक दिवस मोजा. पाच-दहा मिनिटांचा फरक पडेल, त्याहून जास्त नाही.

अमेरिकेत सरकारी शाळांसाठी २००३ साली निघालेल्या देखभाल-मार्गदर्शिकेत असाच हिशेब क्षेत्रफळावर केला आहे. तिथे स्वच्छतेच्या पाच पातळ्या धरल्या आहेत. मधल्या, म्हणजे तिसऱ्या पातळीला एका माणसाने आठ तासांत २८ ते ३१ हजार चौरस फूट सांभाळावेत, दुसऱ्या पातळीला १८ ते २० हजार. तुमच्या खोल्या आणि व्हरांडा मिळून पाच हजार चौरस फूट धरले तर तिसऱ्या पातळीने ८० मिनिटं येतात. आपल्या मोजणीत खोल्या-व्हरांड्याला ९९ मिनिटं आली आहेत. आपल्याकडे खिडक्या सताड उघड्या, दारापुढे फुपाटा आणि पाणी बादलीने आणायचं, म्हणून आकडा थोडा वर जाणारच. संडासांचा वेळ आम्ही मुद्दाम वेगळा धरला आहे, कारण खरं काम तिथेच असतं.

या चार तासांवर आता तुमच्या त्या बाईंचा पगार मांडून बघा. पंधराशे भागिले २५ दिवस म्हणजे रोजचे ६० रुपये. चार तासांना वाटले तर तासाला १५. आणि तेही चार-पाच महिने थांबून. कापूस वेचणीचा पैसा किलोवर मिळतो आणि आठवड्याच्या आत हातात पडतो. ती बाई निघून गेली यात तिची काहीच चूक नाही. एवढ्या पैशात ती चार वर्षं आली, हे शाळेवर तिचं ऋण आहे. तिची जुनी बाकी राहिली असेल तर नवं माणूस ठेवण्याआधी ती चुकती करा. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. जुनीचे पैसे बुडाले म्हटल्यावर नवी कोण येईल?

एकाच व्यक्तीवर चार तास टाकण्यापेक्षा काम दोघींत वाटा. एकीने सकाळी आठ ते सव्वादहा संडास, मुताऱ्या, तोट्या, व्हरांडा, मैदान करायचं आणि दुपारी दोनच्या सुमारास वीस मिनिटं येऊन दुसरा हात मारायचा. दुसरीने शाळा सुटल्यावर दीड तासात खोल्या करायच्या. खोल्या संध्याकाळी झाडण्याला कारण आहे. झाडल्यावर उडालेली बारीक धूळ खाली बसायला वेळ लागतो. सकाळी साडेनऊला झाडून साडेदहाला मुलं बसवली तर ती धूळ त्यांच्या छातीत जाते. संध्याकाळी झाडलं की ती रात्रीतून बाकांवर बसते आणि सकाळी ओल्या फडक्याने दोन मिनिटांत निघते. झाडण्याआधी फरशीवर हलका सडा मारायचा, चिखल होईल इतका नाही.

दोघी असल्या की एक आजारी पडली, लग्नाला गेली, वेचणीला गेली तरी दुसरी निभावून नेते. सगळ्यात सोयीचं म्हणजे गावातल्या महिला बचत गटाशी लेखी करार करा. मग बदली माणूस देणं ही गटाची जबाबदारी राहते आणि पैसे बँकेतून गटाच्या खात्यावर जातात. करारात कामांची यादी, वेळा, महिन्याची रक्कम, पैसे कोणत्या तारखेला मिळणार ती तारीख, हातमोजे-गमबूट शाळेने द्यायचे हे कलम आणि मे महिन्यातल्या दोन फेऱ्या, इतकं असलं की पुरे. दर ठरवताना कामगार खात्याने अकुशल कामासाठी जाहीर केलेला तुमच्या भागाचा किमान दिवसाचा दर घ्या. आठ तासांचा तो दर, तर चार तासांचा त्याच्या निम्मा. त्याला ‘मानधन’ असं नाव देऊन खाली आणू नका.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे संडासाचं काम देण्याचा मोह अनेक शाळांना होतो, कारण त्या आधीच शाळेत असतात. ते अजिबात करू नका. ज्या हाताने संडास घासला त्याच हाताने तासाभरात दीडशे पोरांची खिचडी ढवळायची, हे धोक्याचं आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. माणूस शोधताना गावात ‘त्या वस्तीतून कुणाला तरी बोलवा’ असं म्हणणारे भेटतील. तसं करू नका. कामाची नोटीस शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, दर लिहा, वेळ लिहा, जो येईल त्याला घ्या. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, आणि पुढे १९४७ साली पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. त्या खान्देशात शाळेचा संडास कुणी धुवायचा हे जातीवरून ठरू नये. व्यवहाराने पाहिलं तरी दर नीट असला की माणसं कुठल्याही गल्लीतून येतात.

पोरांच्या झाडण्याबद्दल पालकांची तक्रार निम्मी बरोबर आहे. वर्गातले कागद उचलणं, फळा पुसणं, बाक पुसणं हे पाळीने सगळ्यांनी, म्हणजे मुलांनी, मुलींनी आणि गुरुजींनीही करावं, त्यात गैर काही नाही. पण संडास, मुतारी, गटार आणि ब्लिचिंगला हात लावायचा नाही. आणि झाडू ही शिक्षा म्हणून कधीच द्यायची नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. मुलांच्या पाळीची मिनिटं वरच्या चार तासांतून वजा करू नका. ती पोरांसाठी सवय आहे, तिच्यावर सफाईचं नियोजन उभं करता येत नाही.

पैशाचं बघू. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना शिपायाचं पद नसतं. खासगी अनुदानित शाळांतही ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने चतुर्थश्रेणी पदांऐवजी शिपाई भत्त्याची पद्धत आणली, त्यामुळे ‘वरून माणूस मिळेल’ ही वाट बघण्यात अर्थ नाही. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. १०० च्या वर आणि २५० पर्यंत पट असेल तर वर्षाला ५०,००० रुपये. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो, म्हणजे तुमच्याकडे ५,०००. लक्षात घ्या, हा किमान आकडा आहे. साबण, ब्लिचिंग, झाडू, मोजे, किरकोळ दुरुस्ती धरून तुमच्या शाळेला याच्या दुप्पट तरी लागेल, आणि तेवढं खर्चायला आडकाठी नाही. सादिल, म्हणजे किरकोळ खर्चाचं अनुदान, मिळालं तर तेही याच कामी येतं.

पण या अनुदानातून मजुरी निघणार नाही. समजा तुमच्या भागाचा दिवसाचा दर ४०० निघाला, तर चार तासांचे २००, महिन्याचे २५ दिवस धरून ५,०००, आणि साडेदहा महिन्यांचे ५२,५००. अख्खं अनुदान संपून वर उधारी होते. शिवाय अनुदान हप्त्याहप्त्याने आणि उशिरा येतं. तुमच्या आधीच्या बाईंचे पैसे चार-पाच महिने का अडकायचे, त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे. ही बेरीज कागदावर मांडून ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठेवा. ‘अनुदानात भागवा’ या वाक्याला हाच कागद उत्तर देतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४५ खालच्या ग्रामसूचीत शिक्षण आणि आरोग्य-स्वच्छता दोन्ही विषय ग्रामपंचायतीकडे दिले आहेत. मागणी मात्र नीट वाटून करा, कारण कुठला पैसा कशाला चालतो यावर फाइल अडते. मजुरी ग्रामनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागा. टाकी, नळजोडणी, शोषखड्डा, संडासाची दुरुस्ती यांसाठी वित्त आयोगाच्या निधीतला स्वच्छता आणि पाण्यासाठी राखलेला बंधित भाग मागा. १५व्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून पगार आणि आस्थापना खर्च करायला मनाई होती, त्यामुळे ‘आयोगातून पगार द्या’ असा ठराव नेला की ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) तो बाजूला ठेवतो. तुमचं गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याखाली, येत असेल (चोपडा, यावल, रावेरची काही गावं येतात) तर पेसाच्या ५ टक्के निधीत आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हे कलम आहेच. त्याचा निर्णय ग्रामसभा घेते, म्हणून सभेला पालकांना घेऊन जा.

आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे मुलींच्या संडासाचा विषय तिथे समजावून सांगावा लागत नाही. आणि यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, संडास ‘चालू’ आहेत की ‘बंद’, ते खरं लिहा. बंद संडास चालू दाखवला की दुरुस्तीच्या यादीतून शाळा स्वतःहून बाहेर पडते.

माणूस मिळालं, पैसा मिळाला, तरी पाणी नसेल तर हे सगळं वाया जातं. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाच्या शाळेला माणशी रोज ५ लिटर, आणि ओतून वापरायच्या संडासासाठी वर दीड ते तीन लिटर असा किमान हिशेब धरला आहे. माणशी ८ लिटरने तुमच्या १५८ मुलांना १,२६४ लिटर, सफाईचं धरून दीड हजार. गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी असेल तर ती शाळा सुटण्याआधीच संपते आणि त्यानंतरचा प्रत्येक संडास पाण्याविना वापरला जातो. हजार-हजारच्या दोन टाक्या हव्यात, त्यातली एक फक्त पिण्याची आणि हात धुण्याची.

भांडं कोणतं बसवलंय तेही बघा. ग्रामीण पद्धतीचं खोल उताराचं भांडं, ज्याच्या ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या नळीत) २० मिलिमीटरच पाणी उभं राहतं, ते दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. शहरी पद्धतीच्या भांड्याला ५० मिलिमीटरचा ट्रॅप असतो आणि त्याला बादलीभर पाणी लागतं. ठेकेदार बऱ्याचदा दुसरं बसवून जातो, कारण ते दिसायला चांगलं. मग पोरं टमरेलभर पाणी टाकतात, मैला तसाच राहतो आणि ‘पोरांना वळण नाही’ म्हणून बोल लावला जातो. पुढच्या दुरुस्तीत ग्रामीण भांडंच मागा.

आता वास. फिनेलने तो का जात नाही ते समजलं की निम्मं काम झालं. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, नाकात चढतो तो हाच. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे. त्यातले क्षार आणि लघवीतले क्षार मिळून भांड्यावर, मुतारीच्या तळाला आणि पाइपच्या तोंडाशी पिवळट-तपकिरी खडबडीत थर धरतो. त्या थराच्या भोकांत लघवी मुरते आणि जिवाणू तिथे सुखाने राहतात. फिनेल वरून वास मारतं, थराला काही करत नाही. ब्लिचिंगही हा थर काढत नाही. उलट ताज्या लघवीवर ब्लिचिंग ओतलं की अमोनियाशी मिळून डोळे चुरचुरवणारी वाफ निघते. थर फक्त आम्लाने सुटतो, आणि तोही भिजत ठेवला तर.

म्हणून वार ठरवा. बुधवार आणि शनिवार टॉयलेट क्लीनरचे, म्हणजे बाटलीतल्या आम्लाच्या द्रावणाचे. बाकीचे चार दिवस ब्लिचिंगचे. दोन्ही एका दिवशी, एका भांड्यात, एका बादलीत कधीही येता कामा नयेत. आम्ल आणि ब्लिचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद दाराच्या चार बाय तीनच्या संडासात तो जीवघेणा ठरू शकतो. ही सूचना साधनांच्या कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या, आणि वाचता येत नसेल तर आम्लाच्या बाटलीला लाल आणि ब्लिचिंगच्या डब्याला निळी पट्टी मारा.

आम्लाच्या दिवशी: आधी दार, झरोका उघडा. भांड्यात बादलीभर पाणी ओता, मग ट्रॅपमधलं पाणी ब्रशने ढकलून कमी करा, नाहीतर आम्ल पातळ होऊन कामच करत नाही. भांड्याला ५० मिलिलिटर, मुतारीला २५, कडेखालून फिरवून सोडायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. तेवढ्यात तोट्या आणि हात धुण्याची जागा करून होते. मग घासून भरपूर पाणी. पहिल्या दीड दिवसाच्या सफाईत जुना थर जाड असेल तर हेच दोन-तीनदा करावं लागेल. पत्र्याच्या तुकड्याने खरवडू नका, आणि किराणा दुकानात सुट्टं मिळणारं पिवळं ॲसिड आणू नका. दोन्हींनी भांड्याची चकाकी जाते. मग त्यावर डाग दुप्पट वेगाने धरतो, आणि ॲसिड टाइलच्या सांध्यांतलं सिमेंटही खातं.

ब्लिचिंगच्या दिवशी: दहा लिटरच्या प्लास्टिक बादलीत १५० ग्रॅम ताजी टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर. यातून साधारण अर्धा टक्का क्लोरीनचं द्रावण होतं. अर्धा तास ठेवून वरचं निवळ पाणी वापरा, खालचा गाळ चुन्याचा असतो, तो भांड्यात गेला की पुन्हा थरच वाढवतो. लोखंडी बादली नको. आधी पाण्याने लघवी वाहून घालवा, मग वीस ग्रॅम धुण्याची पावडर दहा लिटर पाण्यात घेऊन भांडं आणि फरशी घासा, धुवा आणि शेवटी द्रावण सोडा. दाराची कडी, टमरेलाचा कान, तोटी हे या द्रावणाच्या फडक्याने पुसायचंच, कारण हात तिथे लागतात. शेवटी वायपरने फरशी कोरडी. ओल्या फरशीवर पायाचे ठसे उमटतात आणि दहा मिनिटांत धुतलेला संडास घाण दिसायला लागतो.

या हिशेबाने महिन्याला टीसीएल अडीच-तीन किलो, टॉयलेट क्लीनर तीन लिटर, धुण्याची पावडर अर्धा किलो, खराटे दोन, केरसुणी एक, रबरी हातमोज्यांचे दोन-तीन जोड. गमबूट आणि आम्लाच्या दिवसासाठी चष्मा वर्षाला एकदा. संडासाची बादली, ब्रश, फडकं लाल रंगाचं आणि वर्गाचं वेगळं. टीसीएलची २५ किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. पत्र्याच्या खोलीत आपल्या उन्हाळ्यात तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो चुना. हवाबंद डब्यात, सावलीत, दोन महिन्यांपुरतीच ठेवा.

पिण्याच्या टाकीला हजार लिटरमागे ५ ग्रॅम टीसीएल, तांब्याभर पाण्यात कालवून निवळ भाग ओतायचा आणि अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी. पिवळा रंग यायला हवा. गावाचा जलसुरक्षक ही तपासणी करतो, त्याला आठवड्यातून एकदा शाळेत यायला सांगा. टाकी तीन महिन्यांनी रिकामी करून आतून घासा.

इतकं करूनही मुतारीला वास राहिला तर तीन जागा तपासा. एक, मुतारीसमोरची फरशी. साधा सिमेंटचा कोबा असेल तर तो लघवी पितो. तिथे उतार देऊन टाइल बसवाव्या लागतात, भिंतीला चार फुटांपर्यंत. दोन, फरशीच्या मोरीचा ट्रॅप कोरडा किंवा फुटलेला असेल तर वास टाकीतून वर येतो. तांब्याभर पाणी टाकून थोड्या वेळाने आत पाणी उभं दिसतं का पाहा. तीन, शोषखड्डा. तापीकाठच्या काळ्या चिकण मातीत पाणी मुरतच नाही, पावसाळ्यात खड्डा भरून पाणी उलटं येतं. काळ्या मातीत खड्ड्याच्या बांधकामाबाहेर सगळीकडून ३० सेंटिमीटर जाडीचा वाळू-खडीचा थर लागतो. अंदाजपत्रकात तो आहे का, हे काम सुरू होण्याआधी शाखा अभियंत्याला विचारा. हीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्याने चेंबर सरकतं, पाइपचे सांधे सुटतात, दाराच्या चौकटी तिरप्या होऊन दार लागत नाही.

दारावरून आठवलं. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का? ती नसली तर कितीही स्वच्छ असला तरी मोठ्या मुली तो वापरत नाहीत. एका डब्यात सहा इंची कड्या दोन, अर्ध्या इंचाच्या प्लास्टिकच्या तोट्या दोन (पितळी चोरीला जातात), टेफ्लॉन टेप, टाकीचा एक बॉलकॉक आणि पाइप पाना कायम ठेवा. पन्नास रुपयांच्या वस्तूसाठी महिनाभर संडास बंद राहणं यामुळे टळतं. मुलींच्या प्रत्येक संडासात झाकणाचा डबा आणि खिळ्याला जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा. पॅड भांड्यात गेलं की ट्रॅप हमखास तुंबतो. डबा रोज, मोजे घालून रिकामा करायचा.

काम झालं की नाही हे दारामागच्या कागदावर वेळ लिहून ठेवा, पण त्या कागदावर विसंबू नका. शाळेतल्या मीना-राजू मंच या मुलामुलींच्या गटातल्या सहावी-सातवीच्या दोन मुलींना एखाद्या बाईंनी आठवड्यातून एकदा शांतपणे विचारावं: पाणी होतं का, कडी लागते का, आत जावंसं वाटतं का? संडास वापरायच्या स्थितीत आहे की नाही ते त्यांच्याकडून कळतं.

मे महिना विसरला जातो. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत भांड्यातलं ट्रॅपचं पाणी आटतं, टाकीचा वायू थेट वर येतो, आणि जूनमध्ये दार उघडलं की भपकारा. सुट्टी लागताना प्रत्येक भांड्यात पाणी भरून त्यावर चमचाभर गोडेतेल सोडा, म्हणजे पाणी कमी उडतं. मे महिन्यात दोन वेळा गटातली बाई येऊन पुन्हा पाणी घालेल. गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या करून झाकणं बांधा. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते, त्याआधी तीन दिवस पूर्ण सफाई, आणि सरपण-अडगळीकडे काठीने ठोकत जा, विंचू निघतात.

सेप्टिक टँकही याच महिन्यात बघा. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घाला. गाळ आणि वरची साय मिळून टाकीच्या खोलीच्या एक-तृतीयांशावर गेली असेल तर उपसा हवा. साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. उपसा फक्त सक्शन टँकरने, जवळच्या नगरपालिकेकडून मागवून. माणूस टाकीत उतरवायचा नाही, ‘पाचच मिनिटं’ म्हणूनही नाही. आतल्या वायूने पहिल्या श्वासात शुद्ध जाते आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. हाताने मैला साफ करून घेण्याला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा आहे, उतरवणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. टँकरचं मात्र मे संपायच्या आत उरका. मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीत त्याची चाकं रुततात आणि तो शाळेच्या मागच्या अंगाला पोहोचतच नाही.